योगवर्गात संगीत किती आणि कसं वापरावं? बडोद्यातल्या मंडळींचा सल्ला हवा

मोगरा_बडोदे

नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात योगाचा वर्ग घेते. सकाळी साडेसहाला ज्येष्ठ बायकांची तुकडी असते, बहुतेक आपल्या मराठी घरांतल्या, सोबत काही गुजराती बेन. संध्याकाळी सातला नोकरी आटोपून येणारी तरुण मुलंमुली. हॉल एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली लादी, वर उंच छत, त्यामुळे बोललेलं घुमतं.

आजवर वर्ग संगीताशिवायच चालला. आता संध्याकाळची मुलं म्हणतात, रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये मन लागत नाही, काहीतरी लावा. सकाळच्या दोघी भजनी मंडळातल्या आहेत, त्यांना ओंकार आणि श्लोक सुरात व्हावेत असं वाटतं. दुसरीकडे एक काकू स्पष्ट म्हणाल्या की गाणं लावलंत तर तुमच्या सूचना मला ऐकू येणार नाहीत.

नेटवर 'योगा म्युझिक' शोधलं की पाण्याची खळखळ, पक्षी आणि त्याखाली सिंथेसायझरचा एक लांबलचक सूर, एवढंच तासन्‌तास मिळतं. ज्या गावात फैयाज खाँ दरबारी गवई होते त्या गावात राहून मला हे लावावंसं वाटत नाही. आसनांना काय लावावं, प्राणायामाला काही लावावं का, शवासनाचं काय? रेकॉर्ड लावावी की कुणाला प्रत्यक्ष वाजवायला बोलवावं? वर्गाला फी आहे, मग कायद्याने काही अडचण येते का? संध्याकाळच्या तुकडीत वेगवेगळ्या धर्मांची मुलं आहेत, तोही विचार करायचा आहे. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

षड्ज_पंचम

ताई, मी गाणं शिकवते, वाघोडिया रोडला राहते. गाण्यांची यादी करण्याआधी तंबोऱ्याची सोय करा. खरा मिळाला तर उत्तम, नाहीतर इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं चांगलं अ‍ॅप चालेल. पंचमाचा लावा: प, सा, सा, सा. तंबोऱ्यात चाल नसते, शब्द नसतात, पुढे काय येणार याची उत्सुकता नसते. त्यामुळे कान त्याच्या मागे धावत नाही, त्याच्यावर टेकतो. आणि रस्त्यावरचे आवाज पूर्ण झाकले गेले नाहीत तरी मागे सरकतात.

पट्टी नीट निवडा, यात बरेच वर्ग फसतात. भजनी मंडळातल्या बायकांना पेटीवरच्या काळी चार किंवा पाच या पट्टीची सवय असते. वर्गात पुरुष असले तर त्यांना तो षड्ज, म्हणजे सा, झेपत नाही, मग ते पुटपुटतात किंवा गप्प बसतात. न गाणाऱ्यांच्या मिश्र गटासाठी काळी एक सोयीची. पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका वरच्या सप्तकात तोच सा लावतात, कुणालाच ताणावं लागत नाही.

ओंकार घेताना सगळ्यांनी एकत्र सुरुवात करावी, पण एकत्र संपवण्याचा आग्रह नको. ज्याचा श्वास संपेल त्याने शांतपणे पुन्हा भरावा आणि पुन्हा मिसळावं. दहा-बारा माणसं असली की नाद आपोआप अखंड राहतो. ज्यांचा श्वास छोटा आहे त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि माझ्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा वर्गात सूर असावा.

आता लय. आपल्या तालांत श्वासाची मोजणी आयती पडलेली आहे. सेकंदाला एक मात्रा अशी लय धरा. दादरा सहा मात्रांचा, तीन आणि तीन: तीन मात्रा पूरक (श्वास आत), तीन मात्रा रेचक (श्वास बाहेर). म्हणजे मिनिटाला १० श्वास, नवख्यांना सोपं. केरवा आठ मात्रांचा, चार-चार, मिनिटाला साडेसात. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. पहिल्या तीनमध्ये श्वास आत, उरलेल्या चारमध्ये बाहेर. समान श्वासाकडून लांब रेचकाकडे जायची ही फार सुंदर पायरी आहे, आणि योग शिकवणारे तिच्याकडे फारसे वळत नाहीत. एकताल बारा मात्रांचा. चारात पूरक, आठात रेचक घेतला तर १:२ हे प्रमाण मिळतं आणि मिनिटाला पाचच श्वास होतात. तिथपर्यंत घाई करू नका.

शिकवणाऱ्याने हे ताल मनात चालू ठेवले तरी पुरतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हलकी टाळी किंवा लहान टाळांचा एक ठोका द्या. तबल्याचा पूर्ण ठेका वाजवायलाच हवा असं नाही.

मोगरा_बडोदे

षड्ज_पंचम ताई, खूप आभार. रूपकाचा विचार कधी डोक्यात आला नव्हता. आजच स्वतः बसून पाहिलं, तीन-चार अगदी सहज जमलं. पण ठोका ऐकू आला की सगळे त्यालाच धरतात. माझ्याकडे दम्याच्या एक ताई आहेत, बीपीवाल्या तर अनेक. त्यांचा श्वास तालापेक्षा छोटा असला तर काय करायचं?

डॉ_कारेलीबाग

दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना ठोक्याबरोबर श्वास घ्यायला लावू नका, कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, तर नकोच. त्यांना आधीच सांगून ठेवा की ठोका कानावर पडला तरी तुमचा श्वास तुमचाच. कुणाला चक्कर आली, छाती भरून आली तर नेहमीचा श्वास घ्यावा, बसून राहावं. हे वर्गाच्या सुरुवातीला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की कुणाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही.

संगीताचा श्वासावर परिणाम होतो हे मोजून पाहिलेलं आहे. इटलीतल्या पाविया इथले हृदयशास्त्रज्ञ लुचानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियमन सुधारतं. प्रार्थना कुठल्या धर्माची यावर ते अवलंबून नव्हतं, एका आवर्तनाला किती वेळ लागतो यावर होतं. तुमच्या मिश्र तुकडीसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांचाच २००६ चा अभ्यास तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचा आहे. १२ संगीतकार आणि संगीत न शिकलेले १२ जण घेऊन त्यांना वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवलं. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत गेले. संगीताचा प्रकार कोणता आणि तो आवडतो की नाही, यापेक्षा लयीचा परिणाम मोठा होता. मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि सगळ्यात जास्त विश्रांती त्या शांततेत दिसली, सुरुवातीला नुसते बसले होते त्याहीपेक्षा जास्त. आपल्याला त्यातून घेण्यासारखं हे की संगीत थांबवणं हासुद्धा त्याच्या वापराचा भाग आहे. तासभर सलग लावून ठेवलं तर तो फायदा मिळत नाही.

तुमच्या काकूंचं म्हणणं मनावर घ्या. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातली 'स', 'त', 'फ' ही व्यंजनं त्यातच येतात. मागे संगीत असलं की आवाज कानावर येतो पण शब्द कळत नाही. श्रवणयंत्र असेल तर आणखी त्रास, कारण यंत्र दोन्ही आवाज वाढवतं. सकाळच्या तुकडीत सूचना चालू असताना काहीही वाजू नये असं माझं ठाम मत आहे.

निःशब्द

मी अय्यंगार पद्धतीने शिकलो आणि तसंच शिकवतो. आमच्या वर्गात आसनांच्या वेळी संगीत नसतं, आणि ते नसण्यात मला काही उणं वाटत नाही. त्रिकोणासनात मागच्या टाचेवर वजन आहे का, गुडघ्याची वाटी वर खेचलेली आहे का, हे पाहायला सगळं अवधान लागतं. पतंजलींनी आसनाला 'स्थिर' आणि 'सुख' ही दोनच विशेषणं लावली. गाणं चालू असलं की सुख गाण्यातून येतं, आसनातून यायचं राहून जातं.

आपल्या गावाचा तर शांततेशी जुना संबंध आहे. १९०८ च्या जानेवारीत श्री अरविंद बडोद्यात विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर एका वाड्यातल्या खोलीत तीन दिवस ध्यानाला बसले होते. मन पूर्ण शांत होणं म्हणजे काय हे त्यांना तिथे कळलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या दांडिया बाजारात तुम्ही वर्ग घेता तिथेच त्यांचं निवासस्थान आहे. संध्याकाळच्या मुलांना एकदा तिथे बसवून आणा. हॉर्न तिथेही ऐकू येतात, तरी बसता येतं.

लेझीम

निःशब्द यांच्याबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. त्याच दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. १९०७ ते १९१० या काळात तिथे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. जन्म डभोईचा. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. त्यांना योग शिकवला तो परमहंस माधवदासजींनी, नर्मदाकाठी मालसरला, तेही आपल्याच जिल्ह्यात. उड्डियान आणि नौलीवर त्यांचे पहिले प्रयोग १९२०-२१ च्या सुमाराला बडोद्याच्याच दवाखान्यात झाले. आज योगाकडे शास्त्र म्हणून बघितलं जातं त्याच्या मुळाशी तालावर, हुकुमावर चालणाऱ्या आखाड्यात घाम गाळलेला माणूस आहे, हे विसरू नये.

सामूहिक हालचालीला लय लागतेच. सूर्यनमस्कार एकट्याने घालताना शांतता छान. वीस-पंचवीस जणांनी एकत्र घालायचे तर कुणी तरी लय धरावीच लागते, आणि शिकवणाऱ्याने सतत 'एक, दोन' ओरडत राहण्यापेक्षा ढोलकीचा नाहीतर डफाचा मंद ठेका कितीतरी बरा. घसा वाचतो. बारा स्थिती, प्रत्येकीला चार मात्रा, म्हणजे सेकंदाच्या लयीत एक नमस्कार ४८ सेकंदांचा. पहिल्या फेऱ्या अशा घ्या, मग ठेका बंद करून तेवढेच नमस्कार नुसत्या श्वासावर घ्या. मुलांना स्वतःलाच फरक कळतो.

आणि बडोदेकर असून गरब्याचा ठेका कुणीच कसा सुचवला नाही? सुरुवातीच्या सांधे मोकळे करण्याच्या व्यायामाला हींचचा ठेका लावून बघा, सहाच मात्रा, लय उतरलेली ठेवायची. खांदे, मनगटं, कंबर, घोटे. सकाळच्या बेन मंडळींना तो शिकवावा लागणार नाही, नवरात्रात आयुष्यभर पायात मुरलेला आहे. हे झालं की पुढे मात्र ठेका नको, नाहीतर पाय थांबत नाहीत.

निःशब्द

लेझीम यांचा सूर्यनमस्काराचा मुद्दा मान्य. आधी ठेक्यावर आणि मग ठेक्याशिवाय, हा क्रम मला पटला.

यात थोडी भर घालतो. हठयोगात नादाला जागा नाही असं माझं म्हणणं नव्हतंच. हठयोगप्रदीपिकेचा चौथा अध्याय नादानुसंधानाचा आहे. तिथे साधकाला आत ऐकू येणारे नाद क्रमाने दिले आहेत. आधी समुद्र, मेघ, भेरी असे मोठे. मधे मर्दल, शंख, घंटा. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भ्रमर. स्थूलाकडून सूक्ष्माकडे. हे सगळे नाद आतले, बाहेर वाजवायचे नव्हेत, हे खरं. पण बाहेर काही वाजवायचंच असेल तर तोच उतार धरावा. ठेका सुरुवातीला, मग नुसता तंबोरा, मग स्वतःचं गुणगुणणं, शेवटी काही नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. आसनं शांततेत आणि शवासन आलं की मोठ्याने बासरी.

मोगरा_बडोदे

निःशब्द काका, हा उतार मला फार आवडला. माझ्या वर्गाची मांडणी यावरच करावी असं वाटू लागलंय. पण संध्याकाळच्या मुलांना शवासनात काहीतरी हवंच आहे. सरळ शांततेत ठेवलं तर पहिल्या मिनिटाला मोबाइल आठवतो, असं तेच सांगतात. त्यांच्यासाठी कुठला राग, कुठलं वाद्य?

षड्ज_पंचम

शवासनाला नुसता आलाप. तालवाद्य सुरू झालं की शरीर मोजू लागतं. सारंगी, बासरी, सुरबहार, ध्रुपद अंगाचा कंठ्य आलाप, यांतलं काहीही चालेल. संतूर आणि सतार वाईट नाहीत, पण त्यांच्या स्वराची सुरुवात टोकदार असते, पडल्या पडल्या ती कानाला टोचते.

रेकॉर्ड लावलीत तर एक सांभाळा. वाद्यसंगीतात आलापानंतर जोड आणि मग झाला येतो, लय चढत जाते. पंधरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये दहाव्या मिनिटाला माणसं डोळे उघडून बसतात आणि शिकवणाऱ्याला कारण कळत नाही. आधी स्वतः शेवटपर्यंत ऐका, जोड सुरू होण्याच्या आधीचा भाग कापून ठेवा, आणि बंद करताना आवाज हळूहळू उतरवा, खटकन तोडू नका. त्यानंतर दोन-तीन मिनिटं शांतता ठेवा. डॉक्टरांनी लिहिलेली विश्रांती तिथेच मिळणार आहे.

रागांच्या वेळा पाळाव्यात असं मी म्हणेन, श्रद्धा म्हणून म्हणा किंवा सवय म्हणून. सकाळी अहिर भैरव, संध्याकाळी सातला यमन, उशिरा संपत असेल तर बागेश्री. तोडीचा आणि मारव्याचा मोह टाळा. दोन्ही थोर राग, पण मारव्यात षड्ज हुलकावणी देतो, ती ओढ आडवं पडलेल्या माणसाला स्वस्थ पडू देत नाही.

पुलाखालचा_तबलजी

मी इथल्या परफॉर्मिंग आर्ट्सला तबल्याचा विद्यार्थी आहे. मोगराताई, तुमच्यापासून आमची फॅकल्टी चालत जाण्याएवढी जवळ आहे, सुरसागरच्या काठावर. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून ती वाढली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावात भरली. इतकं असताना रेकॉर्ड कशाला? एखादा बासरीवाला किंवा सारंगी शिकणारा मुलगा आठवड्यातून एकदा बोलवा.

प्रत्यक्ष वाजवण्याचा खरा फायदा हा की वाजवणारा वर्गाकडे बघून वाजवतो. कुणाला आसनात वेळ लागला तर तो स्वर धरून ठेवतो. रेकॉर्ड पुढे निघून जाते. मी एका वर्गात सूर्यनमस्कारांना साथ केली आहे. सम्‌ लोकांच्या उच्छ्वासावर पडावी म्हणून शेवटच्या रांगेतल्या आजोबांकडे बघत होतो. ते सगळ्यांत सावकाश होते, त्यांची लय हीच वर्गाची लय ठेवली. कुणीही घाई केली नाही.

मानधन मात्र द्या. 'सेवा म्हणून वाजव' असं विद्यार्थ्यांना फार ऐकावं लागतं. घरी जाऊन तासाची शिकवणी घेतल्यावर तो मुलगा जे घेत असेल तेवढं तरी, आणि वर रिक्षाचं भाडं. आणि त्याला आधी एकदा नुसतं वर्गात बसू द्या. योगवर्गात काय वाजवू नये हे बघितल्याशिवाय कळत नाही. तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेऊन टाळ्या मिळवायची आम्हाला सवय असते.

रावपुरा_वकील

कायद्याचं थोडक्यात सांगतो. घरी स्वतःसाठी ऐकणं वेगळं आणि फी घेऊन चालणाऱ्या वर्गात लावणं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे दुसरं सार्वजनिक वाजवणं ठरू शकतं आणि त्यासाठी परवाना लागतो. शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल या संस्था असे परवाने देतात. मोबाइलवरची गाण्यांची अ‍ॅप बहुतेक वैयक्तिक वापरासाठीच असतात, त्यांच्या अटींतच तसं लिहिलेलं असतं. फुकट आवृत्ती असेल तर शवासनात मधेच साबणाची जाहिरात लागते ते निराळंच.

सुटकेचे रस्ते बरेच आहेत. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला कुणाच्या चालीचा प्रश्न येत नाही. कलाकार स्वतः आलाप वाजवत असेल तर तो त्याचाच. त्याची रेकॉर्ड करून पुढे वापरायची असेल तर त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे फार जुन्या ७८ च्या तबकड्या त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. त्यातल्या रचनेचा हक्क निराळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक चिजेला ती अडचण नाही.

माहेर_इंदूर

मी इंदूरला लहान मुलांचा वर्ग घेते, बडोद्याची नाही, पण सांगते. मुलांसाठी सगळ्यात उपयोगी ठरली ती घंटी. ठोका द्यायचा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत वृक्षासनात उभं राहायचं. तोल सांभाळण्यापेक्षा ऐकण्यात लक्ष जातं आणि तोल आपोआप राहतो. मोठ्यांनाही चालेल.

मोगरा_बडोदे

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. सकाळच्या भजनी मंडळाच्या ताईंना श्लोक हवे आहेत, त्याचं काय करू? आणि संध्याकाळी मंत्र म्हणायला संकोच वाटणाऱ्यांसाठी काय? मला कुणाला बाजूला बसवायचं नाही.

षड्ज_पंचम

सकाळी मनाचे श्लोक घ्या. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात, चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु हीच चाल चार वेळा. एक चरण एका उच्छ्वासात आरामात बसतो, मग श्वास आत, मग पुढचा चरण. बायकांना ते पाठ असतात, त्यामुळे कागद नको, डोळे मिटून म्हणता येतं. चाल लावू नका, घरी देवासमोर म्हणतात तशाच पट्टीत, तंबोऱ्यावर. पाच श्लोक म्हटले की वीस लांब उच्छ्वास झाले, आणि प्राणायाम करतोय असं कुणाला वाटलंही नाही.

संध्याकाळी आकार घ्या. नुसता 'आ', काळी एकच्या षड्जावर. गाणं शिकणारा प्रत्येक जण तिथूनच सुरू होतो, मग तो कुठल्याही घरातला असो. मौलाबक्षांच्या शाळेतही स्वर असाच शिकवला गेला असणार. ज्याला ओंकार म्हणायचा त्याने म्हणावा, ज्याला आकार लावायचा त्याने तो लावावा, सूर एकच राहतो.

डॉ_कारेलीबाग

आकाराबरोबर भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून गुणगुणण्याचा प्राणायाम, तीही घ्या, तिला कुठलाच शब्द लागत नाही. स्वीडनमध्ये २००२ साली झालेल्या एका अभ्यासात ओठ मिटून गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट आढळलं. सायनसमधली हवा खेळती राहते, असा त्याचा अर्थ लावतात. त्यावरून रोग बरा होतो असं मात्र वर्गात सांगू नका. भ्रामरीच्या वेळी तंबोराही बंद ठेवा. प्रत्येकाने आपल्या कवटीत घुमणारा स्वतःचा सूर शोधायचा असतो, बाहेरचा षड्ज चालू असला की लोक तोच जुळवत बसतात.

कपालभातीला कसलाही ठेका नको. जलद लय लागली की पोटाचे झटके तिच्यामागे पळतात आणि थकल्यावरही थांबत नाहीत.

लेझीम

हॉल घुमतो म्हणालात म्हणून स्पीकरबद्दल लिहितो. एक मोठा स्पीकर समोर ठेवला तर मागच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि पुढचे वैतागतात. दोन छोटे घ्या, मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून हातभर उंच ठेवा. तुमचा आवाज समोरून, सूर मागून, दोन्हींची गल्लत होत नाही. आवाज किती ठेवायचा ते ठरवायला मागच्या रांगेत उभं राहून कुणाला तरी समोरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. एकही शब्द निसटला तर आवाज कमी करा. लादीवर सतरंज्या घाला, खिडक्यांना जाड पडदे लावा. घुमणं पुष्कळ कमी होईल आणि संगीतापेक्षा आधी हाच खर्च करा असं सांगेन. फोन विमान मोडवर ठेवा, आलाप आधीच उतरवून घ्या.

मोगरा_बडोदे

सतरंज्या भजनी मंडळाकडेच आहेत, विचारते.

सध्या असं करायचं ठरवते. सकाळी सांधे मोकळे करताना हींच, लय उतरलेली, तोंडी सूचना न देता नुसतं करून दाखवत. आसनांना काही नाही. मग तंबोरा, मनाचे श्लोक, तंबोरा बंद, भ्रामरी, शांत शवासन. संध्याकाळी सूर्यनमस्कार आधी ठेक्यावर मग ठेक्याशिवाय, आकार, आणि शवासनात पाच मिनिटं आलाप, पुढे शांतता. काकूंना पहिल्या रांगेत जागा. तबलजी दादा, शनिवारच्या संध्याकाळी ठेक्याला याल का? मानधनाचं तुम्ही लिहिलंत तसंच. आणि आलापासाठी सारंगी शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर सांगा.

पुलाखालचा_तबलजी

येतो ताई. या शनिवारी नुसता बसायला येतो, पुढच्या शनिवारी वाजवायला. सारंगीवाला वर्गमित्र आहे, त्याला विचारून कळवतो. सूर्यनमस्काराला तबल्याऐवजी पखवाज आणला तर? आवाज घुमरा आहे, लादीच्या हॉलमध्ये कानाला कमी बोचेल.

षड्ज_पंचम

उंच छताखाली पखवाजाचा घुमारा पसरत जाईल आणि सूचना ऐकू येणार नाहीत, डग्ग्यावर नुसत्या बोटांनी ठेका धरलात तर जास्त बरं. मोगराताई, माझा एक तंबोरा रिकामा पडून आहे, काळी एकलाच लागतो. पावसाळी हवेत तारा उतरतात, म्हणून वर्गाच्या अर्धा तास आधी लावावा लागेल, कसा लावायचा ते दाखवते. शनिवारी सहाला घेऊन येऊ का? तुमचा जिना किती रुंद आहे तेवढं कळवा, भोपळा मोठा आहे.

मोगरा_बडोदे

जिना अरुंद आहे, पण मागच्या बाजूला अंगणातून दुसरा आहे, तिथून कपाटसुद्धा वर गेलंय. सहाला खाली थांबते.